कोगलरांचा आवाज

"शी," प्रान्टल म्हणाला आणि कापसाचा बोळा त्याने फ्राऊ कोगलरच्या नाकासमोर धरला. "बघा, काय निघतंय तुमच्या यंत्रातून."

बोळ्यावर काळा, चिकट लगदा होता. प्रोजेक्टरचा रबरी पट्टा वितळून त्याचं डांबर झालं होतं आणि वर्षानुवर्षांचा सिगारेटचा धूर त्यात मुरला होता.

ओस्वाल्ड प्रान्टल चव्वेचाळीस वर्षं व्हिएन्नात घरगुती सिनेमाची यंत्रं दुरुस्त करत होता आणि त्याला यंत्रांपेक्षा माणसांचा जास्त वीट आला होता. लोक यंत्रात स्वयंपाकाचं तेल ओततात, ते माळ्यावर उंदरांच्या हवाली करतात आणि नाताळ आठवड्यावर आला की काखोटीला मारून धावत येतात. तरी हे लोक परवडले. खरा राग होता तो आधीच्या कारागिरांवर.

खुर्चीत तिचे यजमान, हेर कोगलर, बसले होते, गळ्याला रुमाल बांधून. रुमालाखालच्या भोकातून श्वास घेताना ओलसर घरघर व्हायची आणि मध्येच ते रुमाल उचलून कफ टिपायचे. प्रान्टलने त्यांच्याकडे सरळ पाठ केली.

"एप्रिलमध्ये घशातलं स्वरयंत्र काढलं यांचं," फ्राऊ कोगलर म्हणाली. "तीस वर्षं ट्राममध्ये थांबे पुकारले. आता पाणी हवं असलं तरी लिहून दाखवतात. या फिल्मवर यांचा आवाज आहे, मास्टर. ब्याऐंशी साली तळ्यावर गेलो होतो, त्यावर यांनी मागाहून माइक धरून बडबड भरली. दुसरीकडे कुठेच नाही हो. तेवढाच उरलाय."

"आणि तो येत नाही."

"येतो, पण गोधडीतून आल्यासारखा. आधी कसा खणखणीत होता. मग दर नाताळला थोडा थोडा दबत गेला. पण तेव्हा हे स्वतःच शेजारी बसून बोलत असायचे ना. कोण लक्ष देतंय?"

प्रान्टलने नवा पट्टा चढवला, फिल्म सरकवणारे रूळ पुसले. मग खिशातून होकायंत्र काढून फिल्मच्या कडेचा आवाज वाचणाऱ्या धातूच्या तुकड्याजवळ नेलं. काटा गर्रकन फिरला. त्याने ओठ मुरडले.

"हं. सापडलं. चुंबक लागलंय याला. आवाज फिल्मच्या पट्टीवर चुंबकानेच लिहिलेला असतो. हा तुकडा तो वाचण्याऐवजी दर वेळी थोडा थोडा पुसत होता. म्हणजे तुम्ही जितक्या वेळा ऐकलात, तितक्या वेळा तो गेला."

फ्राऊ कोगलरने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे आपोआप होत नाही," प्रान्टलला आता चेव आला होता. "कुणा खाटकाने लोहचुंबकाच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर इथे घातलाय. असल्यांना मी चीजसुद्धा कापायला देणार नाही. कुणाकडे दिलं होतं?"

"यांनी नेलं होतं कुठेतरी. मला नाही आठवत."

"थांबा, नावच वाचतो. आमच्यात रिवाज आहे, यंत्र उघडेल त्याने झाकणाच्या आतून पेन्सिलीने नाव टाकायचं. मागून येणाऱ्याला कळावं, शिव्या कुणाला घालायच्या."

त्याने चार स्क्रू काढले, झाकण उलटं केलं आणि दिव्याखाली धरलं. ओ. प्रा., १४ नोव्हेंबर १९८३. खाली एक गिरकी होती. तशीच गिरकी तो आजही पावतीवर मारायचा.

तो स्क्रूड्रायव्हर त्याला लख्ख आठवला. त्याच वर्षी घेतलेला. बारीक स्क्रू कसे टोकाला चिकटून राहतात हे तो येईल त्याला कौतुकाने दाखवायचा. दोन महिन्यांनी एका म्हाताऱ्या कारागिराने त्याला फैलावर घेतलं, तेव्हा त्याने तो फेकून दिला. त्या दोन महिन्यांत आपण किती यंत्रं उघडली हे त्याने कधी आठवून पाहिलं नाही. कुणाला बोलावून घेतलं नाही. लाज वाटेल म्हणून गप्प बसला आणि पुढे विसरला. आता त्याला स्वतःची किळस आली, बोळ्यावरच्या त्या लगद्यापेक्षाही जास्त.

"काय नाव आहे?" फ्राऊ कोगलरने विचारलं.

"पुसट झालंय," तो म्हणाला.

त्याने चुंबक उतरवणारी दांडी हळूहळू फिरवली. काटा शांत झाला. फिल्म चढवली. भिंतीवर तळं आलं, होडी आली, आंघोळीच्या कपड्यांत हसणारी तरुण बाई आली. आवाज मात्र नुसता घुमत होता. शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तसा चढउतार कळत होता, शब्द एकही नाही.

"नाही झालं दुरुस्त."

"यंत्र झालं, फ्राऊ कोगलर. पुसलं गेलं ते परत येत नाही."

"त्या माणसाला कळलं तरी असेल का, आपण काय करून ठेवलं ते?"

प्रान्टलने यंत्र बंद केलं.

"कळलं," तो म्हणाला. "नाव पुसट नाहीये. माझंच आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"मी एक करू शकतो," तो घाईघाईने म्हणाला. "त्याच पट्टीवर नव्याने आवाज भरता येतो. हेर कोगलरांनी लिहून द्यावं, तुम्ही वाचा. निदान शब्द तरी..."

हेर कोगलरांनी वही ओढली. बराच वेळ लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. प्रान्टलला वाटलं, शिव्याच असणार. वही त्याच्या हातात आली तेव्हा तिच्यात इतकंच होतं: नको. राहिलाय तो माझा आहे. पुन्हा लावा.

त्याने फिल्म पुन्हा लावली.

कोगलर पुढे सरकले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने आवाज पूर्ण वाढवला. दुकानभर घुमघुम सुटली. भिंतीवर ती तरुण बाई पायाने पाणी चाचपत होती. खुर्चीत कोगलरांचे ओठ हलायला लागले, न अडखळता, एकेका शब्दावर.

मध्येच फ्राऊ कोगलर खुदकन हसली. "काय बाई हा माणूस," ती म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

काहीतरी विनोद होऊन गेला होता. प्रान्टलला तो ऐकू आला नाही, आणि विचारायचं तोंड त्याला नव्हतं.