सरावाचा होकार

मी एक जुनी खुर्ची आहे. सागवानी, उंच पाठीची, वेताच्या बैठकीची. मित्रांनो, खुर्चीलाही लाज वाटते असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा बापडे, पण माझं ऐकून घ्या.

यवतमाळच्या कडेला लोहारा आहे. तिथे उकंडा मिस्त्रींनी मला घडवलं. त्यांनी माझे हात इतके गुळगुळीत घासले की त्यांची बायको म्हणाली, "खुर्ची करून राह्यले का पोरीचं लगन?" मिस्त्री म्हणाले, "हिच्यावर मोठी माणसं बसतीन." ते बोल मी कायमचे मनावर घेतले.

पुढे शहरातल्या एका समाजसेवी संस्थेने मला सभागृहासाठी नेलं. उद्घाटन असो की बक्षीस समारंभ, पाहुणा माझ्यावरच बसायचा. "बसा साहेब, बसा" हे मी इतक्यांदा ऐकलं की मी चांगलीच शेफारले. पाय चार होते, पण जमिनीवर एकही नव्हता. मग गाद्यांच्या नव्या खुर्च्या आल्या, माझा वेत उसवला आणि मी जुन्या बॅनरखाली कोठीत जाऊन पडले. उंदरांनी वेत कुरतडला तेव्हा कुठे डोक्यातली हवा थोडी कमी झाली.

गेल्या वर्षी मला पुन्हा बाहेर काढलं. संस्थेत एक प्रशिक्षण भरलं होतं. कंपन्यांतून, बँकांतून आलेली शिकलेली मंडळी होती. गरजूंना देणग्या आणि अनुदान देण्याचं काम त्यांच्याकडे नव्यानेच आलं होतं. मागणी कशी ऐकावी, प्रश्न काय विचारावेत, नाही कसं म्हणावं, हे त्यांना शिकायचं होतं. शिकवणारे वामनराव भले गृहस्थ. त्यांनी माझा वेत नवा करून घेतला, मला मधोमध ठेवलं आणि म्हणाले, "देणारा इथं बसेल. मागणाऱ्याशी बोलायचा सराव करू." मी पुन्हा फुलून गेले.

मागणाऱ्याचं सोंग कुणी घ्यायचं? वामनरावांना वाटलं, सोंग कशाला, खराच माणूस बोलावू. म्हणून गावात पाळणाघर हवं म्हणणाऱ्या नलूबाईंना फुलसावंगीहून बोलावलं. संस्थेतल्या कुणीतरी फोनवर त्यांना एवढंच सांगितलं की, साहेब लोकांपुढे तुमची मागणी मांडा. हा नुसता सराव आहे हे वर्गाला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. नलूबाईंना मात्र ते कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या पहाटेच्या एसटीने आल्या. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं होतं. सतरंजीवर माझ्यासमोर बसल्या आणि माझ्यावर बसलेल्या पियुषला सांगू लागल्या, "आमी बाया कापूस वेचाले जातो, साहेब. लेकरं वावराच्या कडंले धुऱ्यावर निजवतो. मांगच्या हंगामात आमच्या ममताच्या लेकराले लाल मुंग्या डसल्या. सारं आंग सुजलं त्याचं. गावात पाळणाघर पायजे. खोली हाये आमच्यापाशी, लेकरं पाहाले एक पगारी बाई द्या, बस."

पियुष भावनेच्या भरात म्हणाला, "ताई, तुमचं पाळणाघर झालंच समजा!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या. नलूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. वामनराव वर्गाला विचारू लागले, "पियुषचं काय चुकलं? आधी प्रश्न विचारले का त्यानं?" चर्चा चांगली रंगली. नलूबाईंना वाटलं, साहेब लोक त्यांच्याच कामाचा विचार करताहेत.

मग ऋतिक बसला, मग दिपाली, मग निकिता. नलूबाई प्रत्येकाला तेच सांगत राहिल्या. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सरकारी कामाला गेलं की या टेबलावरून त्या टेबलावर जावंच लागतं, हे त्यांना माहीत होतं. प्रश्न आता जास्त येत होते, पण शेवटी सगळे हो म्हणत होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. खोटा होकार द्यायला कुणाचं काय जातं?

जेवणाच्या सुट्टीत नलूबाई माझ्या पाठीला टेकून उभ्या राहिल्या आणि गावी फोन लावला. "ममते, झालं वं! साऱ्या साहेबायनं हो म्हटलं. बायाइले सांग, खोली झाडून ठेवा म्हना."

निकिता ताट घेऊन मागेच उभी होती. तिचा घास तोंडातच राहिला. ती वामनरावांकडे धावली. "सर, त्यांना सांगितलं नव्हतं?" वामनराव पांढरे पडले. "मला वाटलं, फोन करणाऱ्यानं सांगितलं असेल," एवढंच ते पुटपुटले. सगळे आपापल्या ताटात बघू लागले. आणि मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्या माणसांची खुर्ची म्हणून मी मिरवत होते, आणि माझ्यावर बसून एका बाईची थट्टा झाली होती.

निकिताने नलूबाईंना माझ्यावर बसवलं. त्या नको नको म्हणत होत्या. ती स्वतः सतरंजीवर बसली आणि खरं काय ते सांगितलं.

माझ्या हातावरची नलूबाईंची बोटं घट्ट झाली. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमी साऱ्यायनं खेळ केला?"

त्या माझ्यावरून उठल्या.

"चाला मंग माह्यासंगं. म्या बायाइले हो सांगून ठेवलं. आता नाई तुमीच सांगजा. मले तोंड नाई दाखवता येत."

निकिता गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात तिला सगळ्यांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "खोली सारवून ठेवली होती. दारात रांगोळी होती. मी सांगितलं. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला." एवढं बोलून ती रडली. वामनरावांनी त्या दिवशी पुढचं काही शिकवलं नाही.

आता इथे मागणाऱ्याच्या जागी वामनराव स्वतः बसतात आणि आपली ही चूक प्रत्येक नव्या वर्गाला आधी सांगतात. निकिताने पाळणाघराची मागणी खरोखरीच वरच्यांकडे पाठवली आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या खुर्च्या म्हणतात, आम्हाला पुसा, जपा, ऊन-पाण्यात टाकू नका. मी तसं काही मागणार नाही. उद्या तुम्हीही अशा एखाद्या खुर्चीवर बसाल. समोरच्याला देता आलं नाही तर नाही म्हणा, तो ते सोसेल. पण जे द्यायचंच नाही त्याला हो म्हणू नका. फुलसावंगीत पुन्हा कापूस फुटला आहे. ममताचं लेकरू धुऱ्यावर निजतं आहे, आणि सारवलेली ती खोली रिकामी आहे.