तोंड मिटून दहा मिनिटं

मीनाक्षी सिस्टरने गोळ्या कुटल्या, कागदाच्या घडीवरून ती पूड अक्षताच्या जिभेखाली सोडली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"दहा मिनिटं. बोलायचं नाही, थुंकी गिळायची नाही. रविवारचं काय ठरलं ते नंतर सांगा, पण आज सांगाच."

अक्षताने मान हलवली आणि पोट सांभाळत बाकावर बसली. शेजारी आणखी दोन पुरुष तसेच तोंड मिटून बसले होते. परळच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या व्यसनमुक्ती केंद्रात सकाळी नऊला सगळ्यांनी मौनव्रत धरल्यासारखं वाटे, आणि अक्षताला ते आवडायचं. इथे कुणी नसत्या चौकश्या करत नसे.

रविवारचं काही ठरलं नव्हतं. म्हणजे सगळं ठरलं होतं, तिला न विचारता. सातवा महिना सरत आला होता. ओटी भरून झाली होती, दापोलीकडच्या माहेरून आईचे दिवसाला दोन फोन येत होते आणि रविवारच्या गाडीचं तिकीटही आलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काय असतं? पण माहेरच्या आसपास ही गोळी मिळत नव्हती. कंबरदुखीसाठी सुरू केलेल्या, पण नशा लावणाऱ्या कॅप्सूल तीन वर्षांत दिवसाला वीसवर गेल्या होत्या आणि त्या गाळातून तिला याच गोळीने बाहेर काढलं होतं. ती एकदम तोडली तर अंगाचे हाल होतीलच, पण बाळालाही धोका आहे, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. घरात हे फक्त नवऱ्याला, केतनला, ठाऊक होतं. सासूला तिने सांगून ठेवलं होतं की रक्त कमी आहे, रोज लोहाचं इंजेक्शन घ्यावं लागतं. सासूला खरं सांगण्यापेक्षा माहेरी जाऊन गुपचूप सोसू, इथवर तिची मजल गेली होती.

तीनेक मिनिटं झाली असतील, तेवढ्यात जिन्यात ओळखीचा आवाज घुमला.

"सरक रे बाबा, गुडघे दुखतात माझे."

दारात तुळसाबाई उभी. तिची सासू. नऊवारी लुगडं, कमरेला पिशवी आणि लालबागच्या बाजारात तीस वर्षं पापलेट विकून कमावलेला आवाज. या वेळी ती बाजारात मासळीच्या पाटीसमोर बसलेली असायला हवी होती. अक्षता उठायला लागली, काहीतरी सांगायला तोंड उघडणार, तोच सिस्टर ओरडली, "अहो, तोंड!"

"बस," तुळसाबाई म्हणाली आणि शेजारी टेकली. "औषध वाया घालवू नको. मीच बोलते."

अक्षता बसली. आता खोटं बोलायचीही सोय नव्हती.

"दोन महिने सुया टोचून घेतेस, आणि दंडावर एक डाग नाय? मी काय आंधळी हाय? केतनला विचारलं. अर्ध्या मिनिटात सगळं ओकला. चार दिवस तुझ्याशी धड बोलले नाय ना, ते त्याच रागानं. नशेवाली माझ्या घरात आली, असं वाटलं मना. खोटं कशाला सांगू?"

अक्षताने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. घड्याळात अजून पाच मिनिटं बाकी होती.

तुळसाबाईने आवाज उतरवला.

"तुझ्या सासऱ्याची दारू मी एका दिवसात तोडली होती. खोलीत घातलं न् बाहेरून कडी लावली. सगळा कोळीवाडा बोलला, तुळसा, तूच खरी! तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले. दवाखान्यात नेईपर्यंत गेला. डॉक्टर बोलला, बाई, अशी एकदम तोडायची नसते. मना आधी कोण सांगणार होतं?"

बाकावरच्या एका माणसाने मान खाली घातली. अक्षताने सासूचा हात धरला. तो गार होता आणि त्याला मासळीचा वास येत होता. तिला वाटलं, हा हात आता सोडूच नये.

"तर," तुळसाबाईने पदराने नाक पुसलं आणि आवाज पुन्हा चढवला, "काल तुझ्या आईला फोन केला. बोलले, आमच्या घरात पहिलं बाळंतपण सासरीच करतात, देवीचा तसा कौल हाय. मोडला तर आमची होडी चालत नाय."

अक्षताने चमकून पाहिलं. केतन स्वतः जन्मला होता तो तुळसाबाईच्या माहेरी, उरणला. आणि होडी विकून तर दहा वर्षं झाली होती.

"बघतेस काय? देवीला विचारलंय मी. तिची हरकत नाय."

अक्षताला हसू आवरेना. तिने ओठ गच्च दाबून धरले, खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सिस्टरने येऊन तिला जीभ वर करायला लावली. पूड पार विरघळली होती.

"झालं. आता बोला."

पण तुळसाबाई अक्षतासाठी थांबलीच नाही.

"सिस्टर, हिला कळा आल्या न् हॉस्पिटलात घेतली, तर त्या दिवशी गोळी कोण देणार? तिथं कोणी बोललं, बाळासाठी बंद करा, तर?"

"कधी कधी म्हणतात तसं," सिस्टर म्हणाली. "म्हणून डॉक्टर पत्र देतात. गोळी चालू ठेवा, जन्मल्यावर बाळावर काही दिवस लक्ष ठेवा, शंका असेल तर आम्हाला फोन करा."

"मोठ्या अक्षरात लिहा. दोन कागद. एक हिच्या फायलीत, एक माझ्या कमरेला."

"वाचता येतं का तुम्हाला, मावशी?"

"नाय. भांडता येतं."

सिस्टर हसली. कोरा कागद पुढे ओढून तिने पेनाचं टोपण काढलं.

"पेशंटसोबत कोण असणार? नाव सांगा."

"तुळसा रामचंद्र नाखवा," अक्षता पटकन म्हणाली.

"नातं?"

"आई."

"सासू लिहा," तुळसाबाई म्हणाली. "सासूला डॉक्टरपण घाबरतात."