सरांची सही, ताईंच्या किल्ल्यांत

मी सरांची सही बोलतेय. कागद कशाला उलगडताय? मी शाईची नाही. करंगळीएवढी, निळ्या टोपणाची, कॉम्प्युटरच्या खाचेत घातली की जिच्या शेपटीला लाल दिवा लागतो, ती मी. मला टोकन म्हणतात. पण ऑफिसात सगळे "सरांची सही कुठंय?" असंच विचारतात. आणि ती सरांकडे कधीच नसते.

सर ऑडिटर. लोकांचे हिशेब तपासायचे आणि ते खरे आहेत असं चारचौघांना सांगायचं, हा त्यांचा व्यवसाय. चारचौघं मानतात, कारण खाली मी असते.

मी जन्मले तेव्हा काय थाट होता! सरांना कॅमेऱ्यासमोर बसवलं, नाव विचारलं, ओळखपत्र चेहऱ्याशेजारी धरायला लावलं. का, तर ही सही दुसऱ्या कुणाला करता येऊ नये. सरांनी मला दोन दिवस खिशात वागवलं. तिसऱ्या दिवशी ताईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, हे तुमच्याकडेच राहू द्या. मी विसरतो." आणि पिन एका चिठ्ठीवर लिहून दिला. झालं, सगळा खटाटोप पाण्यात!

ताई म्हणजे ऑफिसचा कणा. अकरा वर्षं तिथं आहेत. त्यांनी मला आपल्या जुडग्यात अडकवलं. घराची किल्ली, कपाटाची, स्कूटरची आणि मी. पर्समध्ये खाली डबा, वर सासऱ्यांच्या औषधांच्या पट्ट्या. दिवसभर नुसती आदळआपट. मला कधी स्वस्थता अशी मिळालीच नाही.

सर बाहेरून फोन करायचे, "ताई, लावून टाका." ताई लावून टाकायच्या. कुणाच्या मनात पाप नव्हतं, घाई होती. पण प्रत्येक वेळी दिवा लागला की मला वाटायचं, ज्याचं नाव मी घेतेय त्याने हे वाचलंय का? विचारणार कोणाला!

मग रंगवाल्यांचं काम आलं. सरांचे शाळेपासूनचे दोस्त, रंगाचा कारखाना. गोदामातल्या मालावर त्यांना बँकेचं कर्ज हवं होतं. त्यासाठी सरांचा अहवाल लागणार होता, आणि त्यात वाक्य होतं, 'आम्ही स्वतः जाऊन माल पाहिला.' सरांनी पाहिले ते फोनवरचे फोटो. उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. ताईंना फक्त मालाची यादी आणायला पाठवलं.

ताई वाट बघत गोदामात उभ्या होत्या. चाळा म्हणून त्यांनी किल्ल्यांचं जुडगं एका ड्रमवर आपटलं. भरल्या ड्रमचा बद्द आवाज आला. मागच्या रांगेतला मात्र ठणठणला. पुढचाही. त्याच्या पुढचाही. ताई थांबेनात. माझं डोकं आपटून आपटून बधिर झालं, पण त्यांचा चेहरा पाहून मी दुखणं विसरले.

"ताई, तुम्ही कागद न्यायला आलात ना?" मागून रंगवाले म्हणाले. "मग कागद न्या."

दुसऱ्या दिवशी सर परगावी, लेकीच्या नव्या घरी. अहवाल पाच वाजायच्या आत बँकेला हवा होता. दुपारी ताईंनी फोन लावला.

"सर, ड्रम रिकामे आहेत. निम्म्याहून जास्त."

"सगळे पाहिलेत?"

"दोनशे वाजवले. मग हात भरून आला."

"भरेल तो पुढच्या महिन्यात. मी लहानपणापासून ओळखतो त्याला. लावून टाका."

"पण त्यात लिहिलंय की तुम्ही स्वतः पाहिलं."

"ताई, आता मला ऑडिट शिकवणार का? पाचच्या आत गेलं पाहिजे."

फोन बंद झाला. ताईंची पाचावर धारण बसली. घरात पगार एकच. सासरे अंथरुणावर. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? आणि सही लावली तर सरांचं नाव, परवाना, सगळं पणाला. त्यांनी मला खाचेत घातलं. दिवा लागला. माझा जीव टांगणीला.

पिन चुकला. मला वाटलं, घाईत चुकीचं बटण दाबलं असेल. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा माझ्या लक्षात आलं. दहा वेळा पिन चुकला की मी कायमची बंद पडते. ताईंना ते ठाऊक होतं. सातव्या वेळी त्या थांबल्या, पाणी प्यायल्या. खोटं कशाला बोलू, मी घाबरले होते. मला जगायचं होतं. आठ. नऊ. ताईंनी डोळे मिटले आणि दहावा पिन दाबला. दिवा गेला.

"सर, टोकन लॉक झालं," त्यांनी फोनवर सांगितलं.

"असं कसं झालं?"

झालं आपोआप, म्हटलं असतं तर वेळ मारून नेता आली असती. पण त्या म्हणाल्या, "मी केलं. मुद्दाम. उद्या कामावर यायचं की नाही, तेवढं सांगा."

सरांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, सरही आले. पाचची वेळ टळून गेली होती, अहवाल तसाच टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी नवं टोकन आलं. सरांनी पिन ठरवला आणि सवयीने चिठ्ठीवर लिहून पुढे केला. ताईंनी हात मागे घेतले.

"नको सर. तुमची सही तुमच्याकडेच असू द्या."

सर चिठ्ठी धरून उभेच राहिले. मग ती फाडली, खुर्चीत बसले आणि अहवाल पहिल्या पानापासून वाचला. वाचून झाल्यावर मित्राला फोन केला. "मी येतोय. सगळे ड्रम उघडून ठेव." पलीकडून इतका आरडाओरडा झाला की सरांचे कान लाल झाले. "मग दुसरा कोणी बघ," ते म्हणाले. चाळीस वर्षांची दोस्ती होती ती.

आता मी खणात पडून आहे. ताईंची नोकरी टिकली, सरांचं नाव राहिलं. मी निवांत असायला हवं. पण कालच कानावर आलं, रंगवाल्यांना दुसरा ऑडिटर मिळाला, आठवड्याच्या आत. म्हणजे माझी कोणीतरी बहीण आत्ता कोणाच्या तरी पर्समध्ये लटकतेय, शेजारी पिनची चिठ्ठी. हे कळल्यापासून मला चैन नाही.

आम्हाला वाचता येत नाही हो. खाचेत घातलं की 'हो' म्हणायचं, एवढंच येतं. अख्ख्या आयुष्यात मी एकदाच 'नाही' म्हणाले, आणि त्यासाठी मला मरावं लागलं. तुम्हाला तर तोंड आहे.