चेष्टा

डॉ. प्रल्हाद खांबेटे उंदरांच्या बाबतीत फार समजूतदार होते. जयपूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी अर्धी हयात उंदरांना अफूच्या अर्काची सवय लावण्यात, ती सोडवण्यात आणि पुन्हा कशी लागते ते पाहण्यात घालवली. "मेंदूतली रसायनं बिघडली की माणसाला दोष देऊ नका," हे वाक्य ते प्रत्येक व्याख्यानात म्हणत आणि टाळ्या घेत. पण त्यांचा एकुलता एक मुलगा संग्राम गुंगीच्या गोळ्यांच्या नादी लागला, तेव्हा त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते, "लाज नाही वाटत?"

संग्राम चौमूंजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात दुसऱ्यांदा दाखल झाला होता. आता त्याला घरी न्यायचं की आणखी सहा महिने ठेवायचं, हे या रविवारी प्रल्हादरावांनी ठरवायचं होतं. "त्याला घेऊनच या," निघताना अनुयाबाईंनी नवऱ्याला बजावलं होतं. पण प्रल्हादरावांचं मन तयार नव्हतं. मागच्या वेळी मुलाने शब्द देऊन आपल्याला गंडवलं, हे त्यांना आत कुठेतरी सलत होतं.

केंद्राच्या व्हरांड्यात संग्राम त्यांच्यासमोर बाकावर बसला. जयपुरात वाढलेला पोरगा, त्याचं मराठी ठेचकाळत चालायचं. पण आज बापाला बरं वाटावं म्हणून त्याने हिंदी कटाक्षाने टाळायचं ठरवलं होतं.

"बाबा, मी मागच्या वेळी पण सोडायची चेष्टा केली. मतलब, खूप चेष्टा केली. आता पण रोज करतो."

प्रल्हादरावांचं डोकं सणकलं. "तुझी आई रात्र रात्र जागत होती, आणि तू चेष्टा करत होतास?"

"हो," संग्राम म्हणाला. आईच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले. "तिच्यासाठीच करत होतो."

प्रल्हादराव ताडकन उठले. व्यवस्थापकाला "सहा महिने ठेवून घ्या" म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले.

अंगणात जेवणाआधीची प्रतिज्ञा चालली होती. रांगेत उभी असलेली माणसं एका सुरात म्हणत होती, "मैं हर दिन नशा छोड़ने की चेष्टा करूँगा।"

प्रल्हादराव जागीच थांबले. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. इतकी वर्षं इथे काढून त्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मुलगा मराठीत बोलत होता आणि तेही मराठीच कानांनी ऐकत होते. 'कोशिश' हिंदी, तेव्हा हा भारदस्त शब्द मराठीच असणार, असं वाटून बिचाऱ्याने तो उचलला होता.

प्रयोगशाळेत उंदीर कळ दाबतो तेवढंच यंत्र मोजतं. कळीपर्यंत जाऊन तो मागे फिरला, तर त्याची कुणी दखल घेत नाही. पोराचंही त्यांनी तेच केलं होतं. तो कितीदा घसरला ते त्यांना पाठ होतं; कितीदा सावरू पाहत होता, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांना स्वतःची शरम वाटली.

ते परत आले तेव्हा संग्राम त्याच बाकावर मान खाली घालून बसला होता.

"बाबा, मी काही गलत बोललो का?"

शब्द दुरुस्त करायचं प्रल्हादरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"नाही रे," ते म्हणाले. "सामान घे तुझं. उरलेली चेष्टा घरी करू. मलाही थोडी करायला हवी."