तिसऱ्या शनिवारचं भाषांतर

कोपरखैरण्याला तेव्हा चर्च नव्हतं. प्लॉटसाठी सिडकोकडे अर्ज गेलेला होता, आणि तोवर रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. १९९५ साली ईस्टरआधीच्या उपवासकाळात त्याच हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी व्याख्यानं ठेवली. रोमहून धर्मशिकवणीचं नवं पुस्तक आलं होतं, ते साध्या भाविकांना समजावून सांगायचं होतं. वक्ते होते फादर ऑस्वाल्ड. मंगळूरकडचे, सेमिनरीत होतकरू धर्मगुरूंना शिकवणारे. माणूस विद्वान, पण मराठी समजण्यापुरतीच. बोलायला गेले की लोक हसायचे. म्हणून शेजारी उभं राहून त्यांच्या इंग्रजीचं वाक्यागणिक मराठी करायला मातिल्डा डाबरेला बोलावलं.

मातिल्डा मूळची वसईची. वय सत्तेचाळीस, वाशीच्या एका शाळेत मराठी शिकवायची. फादरांनी विचारलं तेव्हा ती हो म्हणाली, कारण सगळ्यालाच ती हो म्हणायची. शाळेतल्या बाया म्हणायच्या, डाबरेबाईंना कधी राग येत नाही. रागच काय, दुसरंही काही येत नव्हतं. लोकांच्या लग्नात ती वेळेवर जायची, मयतीला वेळेवर जायची, आणि दोन्हीकडून सारख्याच चेहऱ्याने घरी यायची.

पहिले दोन शनिवार सुरळीत गेले. तिसऱ्या शनिवारी विषय होता बाप्तिस्मा.

साठ-सत्तर माणसं आली होती. तिचा नवरा इनास नेहमीप्रमाणे शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला होता. फादर सावकाश बोलत होते, ती सावकाश सांगत होती. आदिपाप, पाणी, पवित्र तेल, धर्म-आईबाप. मग फादर म्हणाले, मूल मरणाच्या दारात असेल तर धर्मगुरूची वाट बघायची गरज नाही. कोणीही पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं. आई देऊ शकते.

"आई देऊ शकते," मातिल्डाने सांगितलं. आवाज हलला नाही.

हे तिला नवीन नव्हतं. वसईत लहानपणापासून ऐकलेलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी, तिचा पहिला आणि एकुलता एक मुलगा तीन दिवसांचा असताना, दुपारी त्याचे ओठ निळे पडायला लागले, तेव्हाही तिला ते माहीत होतं. खाटेशेजारी तांब्या होता. सासऱ्यांनी रविवारी चर्चमध्ये थाटात बाप्तिस्मा ठरवला होता, मुंबईहून पाहुणे यायचे होते. आणि तिला वाटलं, आपण आत्ता पाणी ओतलं तर हा मरणार हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. तिने तांब्याला हात लावला नाही. तासाभरात मूल गेलं. बाप्तिस्मा नव्हता म्हणून त्याला मिस्सा नाही, घंटा नाही, दफनभूमीत जागा नाही. इनास आणि सासरे कापडात गुंडाळून घेऊन गेले आणि हात धुऊन परत आले. कुठे ठेवलं हे तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पुढे मूल झालं नाही.

व्याख्यान संपलं, प्रश्न विचारा म्हटलं. मग मधल्या रांगेतून सुंदराबाई उभ्या राहिल्या. नगरकडच्या. घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायच्या, तुर्भ्याच्या मार्केटात कांदे निवडायच्या. व्याख्यानाला पदर डोक्यावर घेऊन, सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या.

"टीचरबाई, फादरला इचारा," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीचं लेकरू सहाव्या दिवशी गेलं. गावाला फादर नव्हते, पानी कुनी घातलं न्हाई. मागं आमाला सांगितल्यालं, असली लेकरं ना वर जात्यात ना खाली, मधीच ऱ्हात्यात. लेक तवापासनं धड जेवत न्हाई. तर आता ते कुठं हाय, तेवढं इचारा."

मातिल्डाने विचारलं. फादर ऑस्वाल्ड जपून बोलले. नव्या पुस्तकात म्हटलंय की अशा बाळांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते. येशूला लेकरं प्रिय होती, म्हणून त्यांच्या तारणाचा काही मार्ग असेल अशी आशा धरायला जागा आहे.

तिने जसंच्या तसं सांगितलं. सुंदराबाई ऐकत उभ्याच राहिल्या.

"आशा हाय म्हंजे? बाई, ते देवाजवळ हाय का न्हाई?"

मातिल्डाने फादरांकडे पाहिलं. फादर हळू आवाजात म्हणाले, "आशा आहे एवढंच म्हणता येतं. खात्रीने सांगायचा अधिकार मला नाही."

मातिल्डा माइककडे वळली. "आहे," ती म्हणाली. "देवाजवळ आहे."

सुंदराबाईंनी क्रुसाची खूण केली आणि खाली बसल्या. फादर मातिल्डाकडे बघत राहिले. एवढी मराठी त्यांना समजत होती. पण डोळे मिटून त्यांनी शेवटची प्रार्थना सुरू केली.

चहाच्या वेळी ते तिच्याजवळ आले. "मी असं म्हणालो नव्हतो."

"नाही म्हणालात."

"मग?"

"फादर, आशेवर माणूस किती दिवस बसतं मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तिला बसवायचं नव्हतं."

फादरांनी कपातला चहा संपवला. "पुढच्या शनिवारी मला हे नीट सांगावं लागेल."

"सांगा. तुम्ही म्हणाल तेच मी मराठीत सांगेन."

आपण मोठं काही केलं असं तिला वाटलं नाही, आणि पाप केलं असंही वाटलं नाही. तिने रिकामे कप गोळा केले.

घरी जाताना दोघं बोनकोड्याच्या वळणापर्यंत आली. मग इनास म्हणाला, "फादर तसं बोलले नाहीत ना?"

"नाही."

तो चार पावलं चालला. "दफनभूमीच्या भिंतीला लागून ठेवलं होतं त्याला. बाहेरच्या बाजूने."

ती थांबली नाही. चालता चालताच तिने विचारलं, "खूण आहे?"

"आहे. भिंतीच्या कोपऱ्यावरून ओळखतो. पण आता ती जागा बाहेर नाही. त्र्याऐंशी साली दफनभूमी वाढवली, जुनी भिंत पाडून पलीकडे नवी बांधली. तो आत आलाय."

"बारा वर्षं झाली."

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नव्हतंस," तो म्हणाला. "मलाही तोंड नव्हतं."

चिडावं असं तिला वाटलं, म्हणजे इथे बाई चिडते हे तिला कळलं. पण चीड काही आली नाही. "उद्या मिस्सा झाल्यावर जाऊ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दोघं ठाण्याहून एसटीने वसईला गेली. दफनभूमीत ऊन लख्ख होतं. जुन्या भिंतीचा पाया जमिनीत अजून दिसत होता, दगडांची एक ओळ, तिच्या पलीकडे गवत आणि नवी थडगी. इनासने त्या ओळीवरून चालत कोपरा धरला, तिथून अंदाज घेतला आणि एका जागी उभा राहिला. तिथे काही नव्हतं. शेजारी कुणा म्हाताऱ्याचं संगमरवरी थडगं होतं.

"इथे," तो म्हणाला.

मातिल्डा खाली बसली. तिने वाळकी पानं बाजूला केली, खडे वेचून कडेला ठेवले. रडू येईल म्हणून ती वाट बघत होती. इनासही तिच्याकडे बघत वाट पाहत होता. रडू आलं नाही. गुडघ्याला खडा टोचत होता तेवढं कळत होतं.

"प्रार्थना म्हणूया," इनास म्हणाला. "नाव घेऊन म्हणूया."

"कुठलं नाव?"

"बस्त्याव. बाबांच्या काकांचं. मी मनात तेच धरलं होतं."

मातिल्डाने मान वर केली. "मी सालू धरलं होतं," ती म्हणाली. "रविवारी तुझ्या बाबांना सांगणार होते."

चोवीस वर्षं एका घरात राहून दोघांनी एकाच मुलाला दोन नावांनी हाक मारली होती, आणि एकाचीही हाक दुसऱ्याला ऐकू गेली नव्हती. इनास तिच्याशेजारी गवतावर बसला. कुठलं नाव घ्यायचं ते ठरेना. शेवटी त्याने सालू म्हटलं, तिने बस्त्याव म्हटलं, आणि दोघांनी मिळून ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना म्हटली.

नंतर ती नळावर गेली, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. तिला भूक लागली होती. तिने तसं सांगितलं, आणि दोघं रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जेवायला गेली.