ओढा गप्प झाला तेव्हा

कपाच्या कानाशी एक बारीक करडी रेघ होती — सांध्यात रुतून बसलेली, कितीही घासली तरी न निघालेली — आणि ती गाळाची आहे हे कस्तुरीला बघताक्षणीच कळलं. त्याच ओढ्याचा गाळ. वरच्या घळीतला ठिसूळ खडक दळून दळून मैद्याइतका मऊ झालेला. मिसेस मॅकरेंच्या घरातून जे चार-सहा कप शाबूत निघाले, त्यांतला हा एक असणार.

"साखर?" मिसेस मॅकरेंनी विचारलं.

घर गेल्यावर कौन्सिलने त्यांना दिलेला हा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. खिडकीतून डोंगर दिसत नव्हता, सुपरमार्केटचं पार्किंग दिसत होतं. तिचा नवरा यतीन साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीतून तीन दिवसांची रजा काढून आला होता, तो मांडीवर फुलं धरून अवघडून बसला होता. त्या बाईंना भेटायलाच हवं, हा हट्ट त्याचाच. दहा महिने कस्तुरी तो टाळत आली होती — एडिनबराहून गाडीने जेमतेम तीन तास, आणि दहा महिने!

गेल्या ऑगस्टमध्ये कंपनीने तिला त्या ओढ्याचा नकाशा करायला पाठवलं होतं. लांबी फक्त चार किलोमीटर, पण तेवढ्यात सातशे मीटर खाली कोसळणारा ओढा. अरुंद घळीतून सुटला की पायथ्याशी दगडगोटे पंख्यासारखे पसरून टाकायचा, आणि त्या पंख्यावरच वस्ती, कारण साऱ्या दरीत सपाट जागा तेवढीच. पुराच्या धोक्याची रेषा कुठून जाते ते कस्तुरीने ठरवलं होतं. मिसेस मॅकरेंचं घर रेषेच्या साठ पावलं बाहेर होतं. म्हणून तर चार वर्षांच्या लेकीला, अन्वीला घेऊन ती बिनघोर त्यांच्याकडे उतरली होती.

त्या दिवशी पहाटेपासून पाऊस झोडपत होता, ओढा गर्जत होता… आणि नऊच्या सुमाराला आवाज थांबला. पाऊस तसाच, ओढा मात्र गप्प. अन्वी खिडकीशी उभी होती.

"आई, पाणी कुठे गेला?"

"गेलं म्हणायचं, राणी."

एवढंच. व्याकरण सुधारलं आणि ती लॅपटॉपकडे वळली, मनात म्हणत, चला, ओसरलं. पाऊस चालू असताना पाणी आटलं तर वर कुठेतरी झाडं आणि धोंडे अडकून बांध झालाय, आणि तो फुटणार — हे तिला माहीत नव्हतं का? तिच्याच अहवालाच्या अकराव्या पानावर तिनेच लिहिलं होतं! मी लिहिलं होतं, आणि माझ्याच कानांना ते कळलं नाही.

मिसेस मॅकरे पिठाच्या हातांनी आत आल्या. "चर्चकडे चला. आत्ता."

"पाच मिनिटं. एवढं सेव्ह करते."

त्यांनी वाद घातला नाही. अन्वीला स्वतःच्या कोटात गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि पंचाहत्तरी उलटलेली ती बाई चढ चढू लागली. कस्तुरी मागून धावली ती मुलीसाठी, थोडी चिडूनच. चर्च खडकावर होतं, पंख्याच्या बाहेर. बांधणाऱ्यांनी नकाशा न काढताच जागा निवडली होती. तिघी चर्चच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा आधी जमीन थरथरली, मग फुटलेल्या दगडांचा जळकट वास आला, आणि मोटारीएवढे धोंडे खाली मिसेस मॅकरेंच्या स्वयंपाकघरातून आरपार गेले.

संध्याकाळी फोनवर यतीनने विचारलं होतं, "तुला वेळेवर कसं कळलं गं?" ती कुडकुडत म्हणाली, "ओढा गप्प झाला ना…" खोटं नव्हतं ते. पण तेव्हापासून तो सगळ्यांना हेच सांगत सुटला, आणि तिने कधी अडवलं नाही. नवा नकाशा झाला, रेषा सरकली, ऑफिसात कुणी तिला दोष दिला नाही. आभार मात्र राहूनच गेले. कारण आभार मानायचे तर कशाचे, हे सांगावं लागणार होतं.

"कस्तुरीच्या लक्षात आलं म्हणून," यतीन आता भारावून सांगत होता, "नाहीतर तुम्ही तिघीही…"

मिसेस मॅकरेंनी कस्तुरीकडे पाहिलं. क्षणभरच. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "हो. हुशार आहे तुमची बायको."

किती सहज दिलं त्यांनी! घर गेलेल्या बाईने हे श्रेयही देऊन टाकलं. घ्यायचं आणि गाडीत बसून निघायचं, इतकं सोपं होतं…

"नाही," कस्तुरी म्हणाली, दोघांनाही समजावं म्हणून इंग्रजीत. "यतीन, मला कळलं नव्हतं. यांनी चला म्हटलं, तर मी पाच मिनिटं मागितली. अन्वीला यांनी उचलून नेलं."

"पाच मिनिटं?"

"हो."

यतीनने फुलं हळूच टेबलावर ठेवली. उठून खिडकीपाशी गेला, पाठमोरा उभा राहिला. त्या पाठीला काय वाटत होतं ते तिला वाचता येईना. परतीच्या वाटेवर तो बोलेल किंवा बोलणारही नाही. गालिच्यावर चित्र काढणारी अन्वी मान वर करून एकेकाकडे बघत होती.

"पोर हलकी होती," मिसेस मॅकरे हळूच म्हणाल्या.

हलकी कुठली! त्यानंतर महिनाभर त्यांचा खांदा बांधलेला होता, हे कस्तुरीच्या कानावर आलं होतं. तिने त्यांचा हात हातात घेतला. सुरकुतलेला, गरम, आपला वाटणारा हात… यतीन अजून वळला नव्हता, तरी तिला भीती वाटली नाही. डोळे भरून येत होते आणि दहा महिन्यांत पहिल्यांदाच ती ते येऊ देत होती.