चिमणी आणि अम्मीचे हात

साबिया चाकणच्या एका कंपनीत होती. स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या चिमणीला कोणते हातवारे कळावेत, हे ती ठरवायची. कणकेच्या हाताने बटण दाबायला नको. हात उजवीकडे नेला की चालू, डावीकडे की बंद. पहिला नमुना तिने पुनावळ्याच्या घरी अम्मीच्या शेगडीवर बसवला. शुक्रवारी तो मालकांना दाखवायचा होता. पास झाला की साबियाची बढती पक्की.

आता अम्मीबद्दल सांगायलाच हवं. झुलेखाबी तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलायची. तळेगावच्या बहिणीचा, रुक्सानाचा विषय निघाला की दोन्ही हात हवेत. "पोराच्या लग्नात एवढा मोठा हंडा!" म्हणताना चिमणी बोंबलायची, "पण बिर्याणी कच्ची" म्हणताना गप्प व्हायची. पहिल्या दिवशी मायलेकी हसून बेजार झाल्या.

साबियाने साहेबांना, निरंजनना, हे सांगितलं. ते म्हणाले, "माहितीपत्रकात लिहू, स्वयंपाक करताना हात आवरून बोला." साबियालाही ते सोयीचं वाटलं. तिने अम्मीला तसंच बजावलं.

चिमणी शहाण्यासारखी वागू लागली. गुरुवारी संध्याकाळी साबिया खुशीत घरी आली. "रुक्साना खालाकडे जाऊन आलीस ना? नवी सून कशी आहे?"

"चांगली हाय."

अम्मी एका हाताने कालथा फिरवत होती, दुसरा पदराखाली घट्ट धरला होता.

बस, एवढंच? सुनेच्या नुसत्या बांगड्या सांगायला जिला संध्याकाळ पुरायची नाही, ती बाई दोन शब्दांत आटपली!

"अम्मी, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? हात बांधला की बोलायचं सुचत न्हाई, इतकंच. तुझं काम बिघडाया नको."

साबियाला स्वतःचाच राग आला. तिने निरंजनना फोन लावला. "सर, उद्या नाही दाखवता येणार. गप्पा कुठल्या आणि हुकूम कुठला, हे चिमणीला कळत नाही. आधी पंजा क्षणभर स्थिर धरला, तरच तिने ऐकायचं, असं करावं लागेल."

"आणि तुझी बढती?"

"लांबू दे."

तिने चिमणीचा प्लग उपटला आणि अम्मीचा हात पदराखालून बाहेर ओढला. "हां, आता सांग. कशी आहे सून?"

अम्मीने चिमणीकडे संशयाने पाहिलं. मग कालथा ठेवला, दोन्ही हात वर केले. "अगं, काय सांगू तुला!"

फोडणी करपली, घरभर ठसका उठला, दोघी खोकून लाल झाल्या. पण खिडकी उघडायला कुणीच हललं नाही.